अकरा रिकाम्या चौकटी

चतुर काडीच्या टोकावर बसतो तेव्हा त्याचे पुढचे दोन पाय कुठे असतात, हे मला वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. आणि तोवर मी स्वतःला कीटकांचा फोटोग्राफर म्हणवून घ्यायला लागलो होतो!

घाटकोपर पूर्वेला माझा लहानसा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, बारशी, साखरपुडे, लग्नं. लग्नसराई संपली की दुपारी माशा मारत बसायचं. अशाच एका दुपारी लेन्स पुसायला काढली आणि सहज उलटी करून कॅमेऱ्यापुढे धरली, तर काउंटरवर चाललेली मुंगी कॅमेऱ्यातल्या खिडकीभर झाली. तिला चेहरा होता. खरंच सांगतो, त्याआधी मुंगीला चेहरा असतो हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवशी अख्खा रोल मुंग्यांवर घालवला. छत्तीस फोटोंपैकी एक धड आला. तो मी मोठा करून भिंतीवर लावला, नवरा-नवरींच्या फोटोंच्या मध्ये.

तोच फोटो देवधरबाईंनी पाहिला. बाई जवळच्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. पासपोर्ट फोटो काढायला आल्या होत्या. स्टुलावर बसल्या, पण कॅमेऱ्याकडे बघेनात.

"ही मुंगी कुणी काढली?"

"मीच. बाई, इकडे बघा जरा."

"जिवंत होती ना? दिसतंच आहे म्हणा. मिशा हलल्यात."

फोटोतल्या मुंगीच्या मिशा जरा पुसट आल्या होत्या. मला तो दोष वाटायचा, आणि बाईंना तेच आवडलं होतं. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "तावडे, मला शाळेच्या मुलांसाठी एक पुस्तक करायचंय. आपल्या बिल्डिंगमध्ये, जिन्यात, कुंडीत, गटाराशी दिसणारे चाळीस कीटक. जंगलातले नकोत. फोटो तू काढायचेस."

मी 'हो' म्हणालो. कशाला 'हो' म्हणालो ते पुढच्या दोन महिन्यांत कळलं.

हे काम काय असतं, ते थोडक्यात सांगतो. माणसाचा फोटो काढताना तो जरा पुढे-मागे सरकला तरी चालतं. पण कीटक जवळून काढायचा म्हणजे लेन्स त्याच्यापासून चार बोटांवर न्यायची. एवढ्या जवळून बघितलं की जाड पुठ्ठ्याच्या जाडीइतकाच भाग स्पष्ट दिसतो. डोळा स्पष्ट दिसला तर पंख धूसर. आपण श्वास घेतला तरी डोळा गेला. त्यात तो कीटक चालतोय, वळतोय, उडतोय. लेन्स फिरवत बसायला वेळच नसतो. ती एका जागी ठेवून आपणच अख्खे पुढे-मागे झुलायचं आणि डोळा स्पष्ट झाला की त्या क्षणी बटण दाबायचं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, या माणसाच्या अंगात आलंय. शिवाय तेव्हा रोलचा जमाना. काय आलं ते रोल धुऊन झाल्यावर कळायचं, आणि तोवर कीटक कुठल्या कुठे गेलेला.

चाळीसपैकी एकोणतीस फोटो मी कसेबसे मिळवले. ढालकिडे, सुरवंट, पानावर पंख पसरून बसणारे पतंग, म्हणजे जे गरीब बिचारे बसून राहतात ते. अकरा काही केल्या हाती लागेनात. चतुर, झुरळ, कुंभारीण माशी, मधमाशी, मुंगळा, असे सगळे धावपळ करणारे. बाई रोज फोन करून विचारायच्या. छापखान्याची तारीख ठरली होती.

मग मला एका अनुभवी फोटोग्राफरने युक्ती सांगितली. "अरे, सोपं आहे. डब्यात घाल, फ्रीजमध्ये ठेव. अर्ध्या तासात गार पडतो. बाहेर काढ, हवा तिथे बसव, वर पाणी फवार. दव पडल्यासारखं वाटतं. झकास फोटो येतो."

तसं केलं. आमच्या मुलुंडच्या घरात नवीनच फ्रीज आला होता. बायको शालन मालवणकडची. तिने एकदा सोलकढीचं भांडं काढायला दार उघडलं आणि बाजूचा डबाही उघडून बघितला.

"अहो! सोलकढीच्या बाजूक ह्यो किडो कसलो?"

"हळू बोल. चतुर आहे तो. बाईंच्या पुस्तकासाठी."

"जीतो आसा?"

"आहे. झोपलाय."

तिने डब्यात वाकून बघितलं. "झोपलो नाय तो," ती म्हणाली. "थंडीन कुडकुडता." आणि दार लावून गेली. त्यानंतर तिने मला कधी अडवलं नाही, पण सोलकढीचं भांडं मात्र फ्रीजबाहेर ठेवायला लागली.

फोटो अप्रतिम आले. चतुराच्या पंखांवरची जाळी, डोळ्यांवरचे थेंब, सगळं काचेसारखं. कुंभारीण माशीला तर मी चिमट्याने उचलून एका रिकाम्या मातीच्या घरावर नेऊन बसवलं होतं. अकरा कीटक, चार रविवार. फोटो काढून झाल्यावर त्यांना बाल्कनीतल्या तुळशीपाशी ठेवायचो. काही उन्हात गरम होऊन उडून गेले. काही नाही उडाले. किती नाही उडाले, ते मी तेव्हा मोजलं नाही.

छापायला देण्याच्या आदल्या दिवशी बाईंच्या घरी सगळे फोटो जेवणाच्या टेबलावर मांडले. बाई एकेक उचलून, चष्मा कपाळावर सरकवून, डोळ्यांजवळ धरून बघत होत्या. चतुराचा फोटो त्यांनी बराच वेळ धरला. मी कौतुकाची वाट बघत होतो.

"किती वेळ ठेवला होतास?" त्यांनी विचारलं.

"कुठे?"

"फ्रीजमध्ये रे."

माझा चेहरा पडला असणार. त्यांनी फोटो माझ्यापुढे ठेवला आणि पेन्सिलीचं टोक चतुराच्या पायांवर नेलं. "हे बघ. चतुर काडीवर बसला की पुढचे दोन पाय डोक्यामागे दुमडून घेतो. काडी धरतो ती चार पायांनी. तुझा हा सहाही पाय टेकवून बसलाय. चक्कर आलेला माणूस भिंत धरतो ना, तसा."

 मग त्यांनी एकेक करत बाकीचे दहा वेगळे काढले. एकही चुकला नाही. मधमाशीचे पंख बघून, मुंगळ्याच्या मिशा बघून, झुरळ ज्या तऱ्हेने पोट टेकून पडलं होतं ते बघून. अकरा फोटोंचा गठ्ठा करून माझ्या हातात दिला.

मला राग आला. खोटं कशाला सांगू? दोन महिने धंदा सोडून हे केलं होतं. मी म्हणालो, "बाई, पुस्तक मुलांचं आहे. पाय चार की सहा, मुलांना काय कळतंय?"

बाईंचा आवाज चढला नाही. म्हणाल्या, "त्यांनाच कळतं. मूल हे पुस्तक बघून खरा चतुर शोधायला जाईल. त्याला तो असा बसलेला दिसणार नाही. मग त्याला वाटेल, पुस्तक बरोबर असणार, चतुरच चुकीचा बसलाय. एवढं मी नाही होऊ देणार."

"मग आता? उद्या छापायला जायचंय."

"जाऊ दे की. चौकटी तशाच ठेवायच्या, रिकाम्या. खाली लिहू : हा कीटक आम्हाला नीट टिपता आला नाही. तुम्हाला दिसला तर इथे त्याचं चित्र काढा."

पुस्तक तसंच निघालं. एकोणतीस फोटो आणि अकरा रिकाम्या चौकटी. आतल्या पानावर माझं नाव. पुस्तक हातात आलं तेव्हा मला ती अकरा पानं उघडायचा धीर होईना. प्रत्येक चौकट म्हणजे माझा एकेक पराभव छापून शाळाशाळांत वाटल्यासारखा वाटत होता. स्टुडिओत लावायला चतुराचा मोठा फोटो करून आणला होता, तो कागदात गुंडाळून माळ्यावर टाकला.

दोन-तीन महिन्यांनी बाईंकडे पत्रं यायला लागली. मुलांनी चौकटींत चित्रं काढून ती पानं पाठवली होती. बाईंनी मला बोलावून ती दाखवली. विक्रोळीच्या एका मुलीने चतुर काढला होता. वेडावाकडा, पंख पुरीसारखे गोल. पण काडीवर पाय चार, आणि मानेपाशी दोन बारीक रेघा. खाली लिहिलं होतं, 'याचे दोन पाय मानेजवळ असतात. तो त्यांनी मान खाजवतो का?'

मी ते पान हातात घेऊन बसलो. त्या मुलीकडे कॅमेरा नव्हता, लेन्स नव्हती. ती नुसती बघत बसली होती. मी कधी बघितलंच नव्हतं, फक्त पकडलं होतं.

"बाई," मी म्हणालो, "ते अकरा मला परत काढायचेत."

"रविवारी सकाळी मुलुंडला येते. डोंगराच्या पायथ्याशी ओढा आहे ना, तिथे भेट. आणि कॅमेरा आणू नकोस."

तीन रविवार त्यांनी मला कॅमेरा आणू दिला नाही. मी आणि बाई ओढ्याच्या काठी दगडावर बसायचो. पहिल्या रविवारी मला भयंकर कंटाळा आला. दुसऱ्या रविवारी लक्षात आलं, की चतुर उडून गेला असं आपल्याला वाटतं, पण तो एक फेरी मारून त्याच काडीवर येऊन बसतो. तिसऱ्या रविवारी तो कधी येणार आणि कुठल्या बाजूने येणार, हे मला आधी सांगता यायला लागलं. या धंद्यातली जी काही अक्कल आहे, ती एवढीच आहे. कीटकाच्या मागे धावायचं नाही. तो परत कुठे येणार ते शोधायचं आणि तिथे आधीच जाऊन बसायचं, सावली त्याच्यावर न पाडता, हळू, खालच्या बाजूने. अंगावरचा शर्टसुद्धा फडफडायला नको.

चौथ्या रविवारी चतुर मिळाला. चार पाय काडीवर, दोन डोक्यामागे, आणि मान माझ्याकडे वळवलेली. पहिली चौकट भरली.

झुरळाचा किस्सा सांगायलाच हवा. अंधेरीला सतीश राणे म्हणून एकजण ढेकूण-झुरळं मारायचं औषध फवारण्याचा धंदा करायचा. त्याला जाहिरातीसाठी झुरळाचा फोटो हवा होता. म्हटलं, बरं झालं, एका कामात दोन कामं. त्याच्याच गोदामात मी पालथा पडून होतो आणि सतीश खुर्ची टाकून बसला होता.

"तावडे, यार, किती वेळ? मारून टाक ना त्याला, मग काढ. आमच्याकडे औषधाला काय तोटा?"

"मेलेलं नको रे. जरा थांब."

"पण डेंजर दिसलं पाहिजे हां. बायका किंचाळल्या पाहिजेत."

तेवढ्यात झुरळ पुठ्ठ्याच्या कडेवर थांबलं. पुढच्या पायाने एक लांब मिशी खाली वाकवली, तोंडात धरली आणि मुळापासून टोकापर्यंत सावकाश साफ करत नेली. पोरगी वेणी दातात धरून रिबन बांधते ना, अगदी तसं. मी झुललो, बटण दाबलं.

रोल धुऊन आल्यावर सतीशला फोटो दाखवला. तो हादरलाच. "अरे, वाट लावलीस! हे तर घरातलंच कुणीतरी वाटतंय. हे बघून औषध कोण मारणार?" त्याने फोटो घेतला नाही. जाहिरातीसाठी कुणाकडून तरी चित्र काढून घेतलं, दात असलेल्या झुरळाचं! माझा फोटो बाईंच्या पुस्तकात गेला.

अशा दहा चौकटी भरायला अडीच वर्षं लागली. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा एकच चौकट रिकामी राहिली होती, कुंभारीण माशीची. ही माशी ओल्या मातीची गोळी तोंडात धरून आणते आणि गोटीएवढं मडकं बनवते. शेवटी त्याला वळणदार काठ काढते, आपल्या माठाला असतो तसा. मग आत अंडं घालून तोंड मातीने बंद करते. बाईंना नेमका तो काठ वळतानाचा क्षण हवा होता. मडकी मला पुष्कळ मिळाली, सगळी तयार झालेली. बांधणारी मिळाली की मी रस्त्यावरून कॅमेरा आणायला पळायचो आणि परत येईपर्यंत काठ झालेला असायचा. मग मी तो नाद सोडला. "राहू दे एक रिकामी," बाई म्हणाल्या. "मुलांना तेवढंच काम."

वर्षं गेली. रोल गेले, स्टुडिओ गेला. आता लग्नाचा फोटोग्राफर ड्रोन उडवतो. कीटकांच्या फोटोंनी मला चरितार्थ असा दिला नाही, पण नाव दिलं. पुढे मी हे शिकवायलाही लागलो, आणि विद्यार्थी पाठवतात ते फोटो बघून मी अजून आधी पाय मोजतो. हात मात्र कापायला लागलेत. जिथे श्वाससुद्धा आड येतो, तिथे कापरा हात काय कामाचा? मी कुणाला बोललो नव्हतो, पण दोन वर्षांत मी एकही पळता कीटक धड टिपला नव्हता.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर बाईंचा फोन आला. त्यांची बिल्डिंग पाडून नवी होणार होती. सगळ्यांनी घरं रिकामी करायची होती. बाई दहिसरला भाड्याच्या जागेत जाणार होत्या. आता त्या ऐंशीच्या पुढे, नजर अधू झालेली. "कागदपत्रं आवरायला ये," म्हणाल्या.

सकाळी गेलो. सगळ्या जिन्यात सामान. पहिल्या मजल्याच्या वळणावर विजेच्या मीटरची जुनी लाकडी फळी होती. तिच्यापाशी आलो आणि कानाजवळून काहीतरी बारीक गुणगुणत गेलं. बघतो तर कुंभारीण. फळीच्या कोपऱ्यात दोन मडकी तयार, तिसरं अर्ध्यावर. वरून कुणाच्या तरी एसीचं पाणी कुंडीत ठिबकत होतं, तिथून ती माती आणत होती.

कॅमेरा खांद्याच्या पिशवीत होता. गुडघे मुडपून पायरीवर बसलो. ती गेली. परत आली. गेली. किती वेळाने येते ते मनात मोजत होतो. लेन्स फळीजवळ नेली तर चौकटीत सगळं थरथरत होतं. ती नव्हे, मी.

तेवढ्यात वरून दोन हमाल लोखंडी कपाट घेऊन उतरायला लागले.

"ओ काका, साइड द्या ना!"

"दोन मिनिटं थांबा रे. पाया पडतो."

"काका, कपाट आहे, उशी नाही!"

"दोनच मिनिटं. ती काठ वळतेय बघ."

काय वाटलं त्यांना कोण जाणे. त्यांनी कपाट पायरीवर टेकवलं, आणि पुढचा हमाल वाकून बघायला लागला. "अरे, ही तर मडकं करतेय!" तो मागच्याला म्हणाला. मी डावा खांदा त्या कपाटाला टेकवला, आणि काय सांगू, शरीर स्थिर झालं. ती आली. गोळी ठेवली, पुढच्या पायांनी आणि तोंडाने ती ओढत, स्वतःभोवती फिरत, काठ वळवत नेला. मी झुललो आणि दाबलं. सात वेळा दाबलं.

बाई वर खुर्चीत बसल्या होत्या. आजूबाजूला खोकीच खोकी. मी कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी भिंग मागितलं, डोळा पडद्याला जवळजवळ चिकटवला.  मला परत त्या जेवणाच्या टेबलापाशी उभं असल्यासारखं वाटलं.

"हिला घाई आहे," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "जिवंत आहे रे ही."

"खाली आहे. तुमच्याच जिन्यात. बघता?"

"मी रोज जाते तिथून आणि मला दिसली नाही?" त्या उठल्याच. कठड्याला धरून, एकेक पायरी करत खाली उतरल्या. आम्ही दोघं पायरीवर बसलो. त्यांना मडकं दिसत नव्हतं, पण गुणगुण ऐकू येत होती. "आली," त्या म्हणायच्या. "गेली." अकरा वाजेपर्यंत त्या तशाच बसून होत्या. सामान नेणारी माणसं बाजूने जात-येत होती, कुणी हटकलं नाही.

फोटो छापून मी दहिसरला घेऊन गेलो. तिसरी आवृत्ती निघणार नव्हती. प्रकाशकाने धंदा कधीच बंद केला होता. जो फोटो पुस्तकात जायला हवा होता, त्याला पुस्तकच उरलं नव्हतं. ही चुटपुट जायची नाही. मग बाईंच्याच प्रतीत, त्या चौकटीत, आम्ही तो डिंकाने चिकटवला. जरासा तिरका बसला.

फळीचं मात्र मला सुचलं नव्हतं. त्या मडक्यांत पिल्लं वाढताहेत, याची बाईंनीच आठवण करून दिली. वीज तोडून मीटर काढून नेल्यावर ठेकेदाराच्या माणसाला विनवून मी ती फळी सोडवून आणली आणि मुलुंडच्या बाल्कनीत भिंतीला टेकवून ठेवली. बाई रोज फोन करायच्या. "निघाली का?" मडकी बंदच. मी स्टूल टाकून, कॅमेरा लावून बसायचो. शालन म्हणायची, जावई येणार असल्यासारखे बसतात.

एका सकाळी मी चहा आणायला आत गेलो. परत आलो तर पहिल्या मडक्याला वाटोळं भोक. काठाशी थोडी माती सांडलेली. आसपास कुणी नाही.

फोन लावला. "बाई, निघाली."

"बघितलीस?"

"नाही हो. चहा आणायला गेलो होतो."

पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज येत राहिला. मग बाई शिकवायच्या सुरात म्हणाल्या, "एका बशीत ओली माती ठेव. मुलगी असली तर मडकं करायला येईल."

ठेवली आहे.